कपाटातला टीव्ही

आमच्या शाळेला टीव्ही मिळाला, तो आला तसा थेट मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लाकडी कपाटात जाऊन बसला. कपाटाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. सरकारी वस्तू, उद्या बिघडली तर जबाब कोण देणार? मी नुकतीच कोरेगावात विज्ञान शिकवायला लागले होते. साल १९८६ च्या आसपासचं. टीव्ही हवा असेल तर आदल्या दिवशी वहीत नोंद करायची, सही घ्यायची, मग दुसऱ्या दिवशी शिपाईमामा आणि दहावीतली दोन दांडगी पोरं तो उचलून आणायची. शिवणाच्या बाईंनी भरतकाम केलेलं झाकण घालून तो बेंदराच्या बैलासारखा नटूनथटून व्हरांड्यातून निघायचा आणि वाटेतल्या प्रत्येक वर्गाचं त्या तासाचं गणित चुकायचं.

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर १९८४ मध्ये शालेय कार्यक्रम करणारी ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली, तिचे कार्यक्रम बघायला ही सगळी वरात. ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९८३ मध्ये, चॅलेंजर यानातून अवकाशात गेला होता. त्याच्या जोरावर १९८४ च्या स्वातंत्र्यदिनापासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रमही दुपारचे लागत. ते कॉलेजातल्या मुलांसाठी आणि इंग्रजीत, त्यामुळे आम्ही त्यांच्या वाटेला फारसे गेलो नाही. बालचित्रवाणी मात्र आपली होती. आमच्या पोरांच्या तोंडचं मराठी टीव्हीत बोललं जातं याचंच त्यांना केवढं अप्रूप!

अर्थात, कार्यक्रम दिसला तर. शिपाईमामा गच्चीवर अँटेना फिरवायचे. त्यांना खालचं ऐकू जात नसे, म्हणून एक मुलगा खिडकीत, एक जिन्यात, एक गच्चीच्या दारात. खिडकीतला ओरडायचा, “आलं!” जिन्यातला, “आलं!” तो निरोप वर पोचेपर्यंत खाली चित्र गेलेलं असायचं. मग “गेलं!”चा प्रवास सुरू. यात पाच-सात मिनिटं सहज जायची. पण मी ती वाया जाऊ द्यायची नाही. अँटेना अशीच का वळवायची, तिच्या आडव्या दांड्या लहान-मोठ्या का, हे विचारायला याहून चांगली वेळ कुठली? पडद्यावर नुसत्या मुंग्या असताना मी लहरींचा अर्धा धडा उरकलेला असे.

खरं सांगायचं तर पडद्याची ओढ मला आधीपासूनची. माझं शाळेतलं शिक्षण सत्तरच्या दशकातलं. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग देशात झाला. शेजारच्या कर्नाटकातली गावंही त्यात होती, महाराष्ट्रातली नव्हती. आमच्या वाट्याला आली ती फिल्मस्ट्रिप. अॅल्युमिनियमच्या बोटभर उंचीच्या डबीत गुंडाळलेली फीत, एकेक चित्र पुढे सरकवायची खुंटी, समोर धुवट धोतराचा पडदा आणि खिडक्यांवर सतरंज्या. दिवा तापला की त्यावरची धूळ करपल्याचा वास वर्गभर पसरायचा. हृदयाचे चार कप्पे मी पहिल्यांदा पाहिले ते त्या वासात, आणि तेही उलटे, कारण सरांनी फीत चुकीच्या बाजूने घातली होती. आम्ही माना वाकड्या करून बघितले.

वर्षातून एखाद्या वेळी माहिती खात्याची गाडी यायची. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, त्याची ती कर्र कर्र, आणि बहुतेक वेळा धरणं, लसीकरण, सुधारित बियाणं यांच्यावरचे माहितीपट. त्यांतल्या एकात बी रुजताना दाखवलं होतं. हरभऱ्याचा दाणा फुगतो, साल फाटते, मूळ खाली वळतं, कोंब वर येतो, पानं हात पसरतात, सगळं डोळ्यांदेखत. सिनेमा संपल्यावर ऑपरेटरने गंमत म्हणून फीत उलटी चालवली. पानं मिटली, कोंब खाली ओढला गेला, मूळ आत शिरलं आणि शेवटी हरभरा शहाण्यासारखा बंद होऊन बसला. पटांगणात एकच गिल्ला झाला, “उलटी लावा! परत उलटी लावा!”

दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. दर पाच मिनिटांना एक चित्र घेतलं तर तासाला बारा, दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. म्हणजे अख्खा दिवस किती सेकंदांत संपला? बारा! हे ‘बारा’ आम्ही सगळ्यांनी मिळून ओरडून सांगितलं होतं. मी विज्ञानाकडे वळले ती त्या आकड्याने, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणूनच की काय, पडदा कशासाठी वापरावा याबद्दल मी पुढे हट्टी झाले. जे डोळ्याला दिसत नाही, फार हळू घडतं, फार लांब आहे किंवा फार धोक्याचं आहे, ते पडद्यावर. लिंबाच्या रसाने निळा लिटमस लाल होतो हे पडद्यावर दाखवणाऱ्या कार्यक्रमाचा मी चक्क आवाज बंद करायची. लिंबू बाजारात मिळतं, लिटमस प्रयोगशाळेत आहे, मग सिनेमा कशाला? एका इन्स्पेक्टरांना हे पटलं नव्हतं. असो.

टीव्हीने आपलं काम चोख केल्याचा दिवस म्हणजे २४ ऑक्टोबर १९९५. ऐन दिवाळी. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालेलं आणि सकाळी सूर्यग्रहण. खग्रासचा पट्टा राजस्थानपासून बंगालच्या डायमंड हार्बरपर्यंत, आपल्याकडे फक्त खंडग्रास. दूरदर्शन ते थेट दाखवणार होतं. १९८० च्या फेब्रुवारीतल्या ग्रहणाला लोक दारंखिडक्या लावून बसले होते, रस्ते ओस पडले होते. या वेळी निदान टीव्ही तरी उघडे होते.

सुट्टी असूनही वर्गातली आठ-दहा मुलं आमच्या घरी जमली. सासूबाईंनी पहाटेच चकल्या-करंज्यांच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवली होती. त्यांचा तो नेम, आणि मी त्यात कधी पडले नाही. मी आपला स्वयंपाकघरातला झारा घेऊन अंगणात गेले. सूर्य अजून कलता होता, समोर चुन्याची भिंत. झारा भिंतीपासून चांगला पाच-सहा फूट लांब धरला. जवळ धरल्यावर नुसते गोल ठिपके दिसत होते. लांब नेत गेलं तशी त्या प्रत्येक ठिपक्याची कोर झाली. जितकी भोकं तितके अर्धे खाल्लेले सूर्य! मुलं आत टीव्हीकडे आणि बाहेर भिंतीकडे नुसती धावत होती. आत शास्त्रज्ञ यशपाल समजावून सांगत होते. एवढ्यात पडद्यावर ती हिऱ्याची अंगठी चमकली, भोवती सूर्याचा मोतिया प्रभामंडल. कोरेगावातून तो कुठल्याही झाऱ्याने दिसला नसता.

सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, भिंतीवर बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, चकली तळायच्या झाऱ्यातून एवढे सूर्य?” मग, “धुऊन ठेव हो नंतर.” मुलं फराळाला थांबली. ग्रहण सुटल्यावर, हे वेगळं सांगायला नको.

नव्वदच्या दशकात ‘टर्निंग पॉइंट’ हा विज्ञानाचा कार्यक्रम होता, गिरीश कार्नाड असायचे, यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. नारळीकरांची ‘ब्रह्मांड’ मालिका आली, हिंदीत असली तरी आमची मुलं ती “आपल्या सरांची” म्हणून बघायची. पुढे पुण्याला ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांची सहल नेली. तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ‘पुलस्त्य’ ही इमारत. पु. ल. देशपांड्यांच्या नावाची आठवण ठेवणारी असल्याने मला ती तशीही जवळची. अरविंद गुप्ता तिथे काम करत. कचऱ्यातून खेळणी, आणि त्या प्रत्येक खेळण्याची दोन-चार मिनिटांची फिल्म. सरबत प्यायच्या नळीचं टोक चपटं करून तिरकं कापायचं, झाली पिपाणी. वाजवता वाजवता दुसऱ्या टोकाने कात्रीने कापत जायचं, नळी आखूड होते तसा सूर चढत जातो. त्या फिल्ममध्ये बहुतेक वेळ नुसते हात दिसतात, आणि ती संपते न संपते तोच पोरं नळ्या शोधायला उठतात. परतीच्या एसटीत सातारा येईपर्यंत कंडक्टरने ती पिपाणी सहन केली. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मला त्या कंडक्टरचीही आठवण झाली होती.

त्यानंतरचं सगळं फार भरभर झालं. फळ्याशेजारी प्रोजेक्टर, पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कारापर्यंत पोचले ते या कोडवरच्या कामातून. त्याच वर्षी करोनामुळे शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय मालिका लागली, आणि शेजारच्या घरातून ती ऐकू आली की मला उगाच आमचं कपाट आठवायचं. बालचित्रवाणी मात्र २०१७ मध्ये बंद पडली. मला त्याचं वाईट वाटलं, आणि आजही वाटतं. मुलांशी त्यांच्या बोलीत बोलणारा सरकारी स्टुडिओ रोज रोज उभा राहत नाही.

माझी एक विद्यार्थिनी आता जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवते. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ नावाची आभासी प्रयोगांची सोय मराठीतही आहे, ती तिच्या मुलांची लाडकी. त्यात विजेरी आणि दिवा जोडला की तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, आणि शॉर्टसर्किट केलं तर विजेरी पेट घेते. मुलं अर्थातच आधी ती पेटवतात. परवा फोनवर ती मला म्हणाली, “बाई, तुमचा हरभरा केला. म्हणजे मटकी केली.” मटकी भिजवून ओल्या फडक्यावर पसरली, पुस्तकांच्या चळतीवर जुना मोबाईल आडवा टेकवला, दर पाच मिनिटांना एक फोटो. रात्री मध्येच वीज गेली. तयार झालेल्या फिल्ममध्ये तेवढा वेळ काळोख, आणि काळोख संपतो तर मोड चांगलेच लांबलेले.

“सातवीतला एक पोरगा म्हणाला, मॅडम, अंधारात तर जास्तच वाढले. आता त्यांनी दोन ताटल्या लावल्यात, एक उजेडात, एक खोक्याखाली.”

“आणि आधीची मटकी?” मी विचारलं.

“ती पोषण आहाराच्या ताईंनी उसळीत टाकली. त्यांना आम्ही सांगायलाच विसरलो होतो.”