एक्लेसिया : हाक कोणाला?

शब्दांच्या मुळाशी जाण्याचा आम्हांला जुना नाद आहे. गोव्याकडे प्रार्थनामंदिराला ‘इगर्जी’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आला आणि त्याचे मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’त आहे, हे कळले तेव्हा आम्हांला मोठे नवल वाटले. कारण ख्रिस्तजन्माच्या कितीतरी आधी अथेन्सचे नागरिक आपल्या सभेला हेच नाव देत होते. एक्लेसिया म्हणजे हाक देऊन बोलावलेल्यांची सभा.

ही सभा काही आपसूक अवतरली नाही. इ. स. पूर्व ५९४ च्या सुमारास सोलोनने गरिबांची कर्जे रद्द केली आणि कर्जापायी माणसाला गुलाम करण्यास बंदी घातली. ज्याचा देहच सावकाराकडे गहाण, तो सभेत हात काय वर करणार? पुढे इ. स. पूर्व ५०८ च्या सुमारास क्लिस्थेनिसने कुळाऐवजी गाव हा नागरिकत्वाचा पाया केला. दहा गटांतून प्रत्येकी पन्नास, असे पाचशे जणांचे मंडळ नेमले जाऊ लागले. या नेमणुका चिठ्ठ्या टाकून होत. पेरिक्लिसच्या काळी न्यायदानास बसणाऱ्यांना भत्ता मिळू लागला, म्हणून दिवसाची मजुरी बुडाली तरी गरिबाला तेथे बसता आले.

अशी सभाही चुके. इ. स. पूर्व ४२७ मध्ये बंड केलेल्या मिटिलिनी नगरातील सर्व पुरुषांना ठार मारावे, असा ठराव तिने रागाच्या भरात केला आणि हुकूम घेऊन जहाज रवाना झाले. दुसऱ्या दिवशी लोकांची मने कचरली. पुन्हा वाद झाला, थोड्या मतांनी ठराव फिरला आणि दुसरे जहाज निघाले. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारताच जेवण उरकले व ते ऐन वेळी पोहोचले. बंडाच्या म्होरक्यांना तरीही देहदंड झालाच. पण नगर वाचले. चूक उघड सभेत सुधारता येणे, हेच आम्हांला लोकशाहीचे खरे बळ वाटते.

परंतु ती हाक स्त्रियांना, गुलामांना आणि परक्या रहिवाशांना नव्हती. संत पौलाने फिलेमोनाला पत्र लिहिले, तेव्हा त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही एक्लेसियाच म्हटले. आणि त्याच पत्रात गुलाम अनेसिमाला बंधू म्हणून स्वीकारण्याची विनवणी केली. शब्द तोच, हाक मात्र रुंदावली. तरीही ख्रिस्ती देशांत पुढे कित्येक शतके गुलामी चाललीच, हे विसरून चालणार नाही.

म्हणून वाचकहो, कोणतीही सभा भरली, मग ती ग्रामसभा असो वा धर्मग्रामाची, की आम्ही आधी एवढेच पाहतो : हाक कोणापर्यंत पोहोचलेली नाही?