शेताचे स्थानिक नाव

सातबारा हा कागद बँकेत मी इतक्या वेळा पाहिला आहे, की झोपेतसुद्धा गट नंबर, क्षेत्र आणि बोजा तपासू शकेन. "तपासताच की!" असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं.

त्या कागदावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. बहुधा तो कोराच येतो. मीही त्यावर कधी शंका काढली नाही. कोरा रकाना म्हणजे कारकुनाला सुट्टीच. त्याची बेरीज करावी लागत नाही.

पण चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी लागतं. कुणाला चष्मा, कुणाला अध्यात्म. मला गावच्या शेतांची नावं लिहून घ्यायचा नाद लागला. इतिहासाचार्य राजवाडे स्थळनामांतून महाराष्ट्राचा इतिहास शोधायचे. मी शंभर पानी वही घेऊन आत्तीच्या सोप्यात बसलो.

१९४७ च्या कायद्यानं पुढे जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले. आत्तीला मात्र दोन्ही नंबर ठाऊक नाहीत. ती सांगत होती : चिंचेचं टेक (चिंच कधीच तुटली), बुडकीची पट्टी (बुडकी म्हणजे ओढ्यातली लहान विहीर, तीही बुजली), म्हसोबाचा माळ (म्हसोबा आहे, माळावर ऊस आहे). मग म्हणाली, "आन् बुडीत."

मी दचकलो. आमच्याकडे कर्ज आधी थकीत होतं, मग बुडीत.

"कुणाचं कर्ज, आत्ती?"

"कर्ज न्हवं रं! नदी आली की बुडतंय, म्हणून बुडीत."

"आणि हे आलं कुठं?"

"तुझा बंगला हाय तितं."

प्लॉट घेताना मी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला होता. शिक्के मोजले, सह्या पडताळल्या. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४३, तेव्हा ती फाईल माळ्यावर होती म्हणून वाचली. बाकीचा संसार खाली होता.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा?"

तसं पाहिलं तर कोल्हापूर शहरही आपल्यापरीनं सांगतच असतं. कपिलतीर्थावर आपण भाजी घेतो; तिथं तळं होतं. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, आणि पावसाळ्यात मैदानात पाणी साचलं की आपणच महापालिकेला विचारतो, हे आलं कुठून?

आता मी काउंटरवर प्रत्येक शेतकऱ्याला विचारतो, "शेताला काय म्हणतात?" परवा एकजण घाबरून म्हणाला, "सायेब, त्याचा दाखला कुठं मिळतुया?"

काय सांगणार? दाखला देणारी एकटीच उरली आहे. वय चौऱ्याऐंशी. आणि मला सुट्टी फक्त रविवारी.