पाऊस पडतोय? मग शर्यत होणारच!

इंग्लंडमध्ये जाऊन पावसाबद्दल कुरकुर करणं म्हणजे राजस्थानात जाऊन वाळूबद्दल तक्रार करण्यासारखंच! फरक एवढाच, की तिथला पाऊस आपल्या कोकणातल्यासारखा धो धो कोसळत नाही. तो ठिबकतो, थांबतो, पुन्हा ठिबकतो. छत्री उघडावी तर थांबतो आणि मिटावी तर सुरू होतो. या असल्या लहरी पावसात तिथली माणसं क्रिकेट थांबवतात, टेनिस थांबवतात. पण एक खेळ मात्र सहसा थांबत नाही. तो म्हणजे रेडिओच्या लहरींवर पळणाऱ्या चिमुकल्या मोटारींची शर्यत.

ही गंमत पाहायची तर दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात जावं. तिथं साउथहॅम्प्टन बंदरापासून दहा-बारा किलोमीटरवर रोमसी नावाचं छोटंसं, टुमदार गाव आहे. भारतीय माणसाला हे गाव अगदीच परकं वाटायला नको. आपले अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांचा ब्रॉडलँड्स हा वाडा इथलाच. 1979 साली आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बाँबस्फोटात त्यांची हत्या झाली, त्यानंतर त्यांचं दफनही इथल्याच रोमसी ॲबीत करण्यात आलं. हे भव्य चर्च 1544 साली गावकऱ्यांनी शंभर पौंडांना विकत घेऊन पाडापाडीतून वाचवलं. गावाजवळून टेस्ट नदी वाहते. खडूच्या खडकांतून झिरपून आलेलं तिचं पाणी इतकं नितळ, की तळाशी फिरणारे ट्राउट मासे काठावरून दिसतात.

पण मोटारींच्या छांदिष्टांना रोमसी ठाऊक आहे ती वेगळ्याच कारणासाठी. एक दशांश आकाराच्या, खडबडीत जमिनीवर पळणाऱ्या विजेच्या मोटारींची पहिली जागतिक स्पर्धा 1985 साली कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथं झाली आणि 1987 साली दुसरी झाली ती रोमसीत! मागच्या दोनच चाकांना जोर असलेल्या गाड्यांच्या गटात अमेरिकेचा जोएल जॉन्सन जिंकला. चारही चाकांना जोर असलेल्या गटाचं विजेतेपद पटकावलं विशीही न गाठलेल्या जपानच्या मासामी हिरोसाकानं. पुढं याच पोरानं चौदा जागतिक विजेतेपदं खिशात घातली. रोमसीत त्याच्या हाती असलेली गाडी मात्र इंग्लंडची होती. नॉर्दम्प्टनच्या शूमाकर कंपनीची 'कॅट'. फॉर्म्युला वनच्या मायकेल शूमाकरचा या कंपनीशी काही संबंध नाही बरं! सेसिल शूमाकर हे कॉसवर्थ या शर्यतीची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात काम केलेले इंजिनियर. त्यांनी ही कंपनी काढली.

खेळणं नव्हे, खेळ

रिमोटवरची मोटार म्हटली, की आपल्याला आठवतं ते दुबईहून आलेल्या मामानं आणलेलं खेळणं. चार दिवस घरभर पळायचं आणि पाचव्या दिवशी कपाटावर चढायचं. शर्यतीची गाडी हे प्रकरण निराळं. लांबी साधारण हातभर, वजन दीड किलोच्या आसपास. प्रत्येक चाकाला तेल भरलेला शॉक ॲब्सॉर्बर. स्क्रू न् स्क्रू सुटा होतो, प्रत्येक भाग बदलता येतो. अंगणाएवढ्या जागेत ती ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वेग सहज गाठते.

जपानच्या तामिया कंपनीनं 1976 साली पोर्शे 934 ही रेडिओवर चालणारी गाडी बाजारात आणली आणि या छंदाला बहर आला. 1979 साली याच कंपनीच्या 'सँड स्कॉर्चर' आणि 'रफ रायडर' या गाड्या आल्या. त्यांची एक खासियत होती. आतली रेडिओची यंत्रणा एका पारदर्शक, पाणी शिरणार नाही अशा डबीत बंद केलेली होती. म्हणजे गाडी चिखलपाण्यात जाणार, हे बनवणाऱ्यांनी तेव्हाच ओळखलं होतं!

साउथहॅम्प्टनला माझा चुलतभाऊ राहतो. त्याच्या बारा वर्षांच्या मुलाला या छंदानं पुरतं झपाटलेलं. रविवारी सकाळी तो मला एका क्लबाच्या शर्यतीला घेऊन गेला. शेताच्या कडेला तंबू ठोकलेले, तंबूत घडीची टेबलं आणि टेबलांवर दवाखान्यात असावीत तशी मांडून ठेवलेली हत्यारं. दहा वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे एकाच रांगेत. वर आभाळ भरून आलेलं.

"काका, आज मजा येणार," पुतण्या म्हणाला. "पाऊस आहे!"

शर्यतीची पद्धत सोपी असते. एका वेळी साधारण दहा गाड्या, पाच मिनिटांची फेरी. चालक एका उंच मचाणावर ओळीनं उभे. प्रत्येक गाडीत एक इवलंसं यंत्र बसवलेलं. अंतिम रेषेखाली पुरलेल्या तारेवरून गाडी गेली, की संगणकात फेरीची नोंद आपोआप होते. तीन-चार फेऱ्यांतल्या कामगिरीवरून क्रम लागतो. पहिले दहा 'ए' फायनलला, पुढचे दहा 'बी'ला, त्यापुढचे 'सी'ला. त्यामुळे सगळ्यात मागं राहिलेल्यालाही स्वतःची अंतिम शर्यत मिळतेच.

फुग्यातला रेडिओ

पाणी आणि वीज यांचं वैर जगजाहीर. मग भर पावसात विजेवरची गाडी पळते कशी? याचं उत्तर तंबूत मिळालं. पुतण्यानं खिशातून चक्क वाढदिवसाचा एक लाल फुगा काढला. त्यात रेडिओचा रिसीव्हर सरकवला, तारा बाहेर काढल्या आणि फुग्याचं तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून टाकलं. काही पेन्सांत जलरोधक यंत्रणा तयार! हातातल्या ट्रान्समीटरवर पारदर्शक पिशवी. जोडण्यांवर सिलिकॉन ग्रीसचा लेप.

खरा शत्रू पाण्यापेक्षा चिखल. जरा हिशेब करा. दीड किलोच्या गाडीला दोनशे ग्रॅम चिखल चिकटला, तर तिचं वजन तेरा टक्क्यांनी वाढलं. तुमच्या-आमच्या हजार किलोच्या मोटारीत अचानक दोन भरभक्कम माणसं येऊन बसावीत, तसं! म्हणून गाडीच्या पोटात जिथं जिथं पोकळी असेल, तिथं स्पंजचे तुकडे कोंबतात. चिखलाला शिरायला जागाच उरत नाही. शिवाय तळाला सिलिकॉनचा फवारा मारला, की तो घसरून पडतो.

चाकांची कथा याहून मजेशीर. टायरच्या आत हवा नसते, स्पंजचं कडं असतं. रिमला किंवा टायरला बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत शिरतं आणि स्पंज पाणी पिऊन जड होतो. यावर मंडळींत दोन तट आहेत. एक पक्ष म्हणतो, भोकांवर चिकटपट्टी लावा, पाणी आत येऊच देऊ नका. दुसरा म्हणतो, टायरला आणखी भोकं पाडा, चाक गरगरलं की पाणी आपोआप बाहेर फेकलं जाईल. दोन्ही पक्ष आपापल्या मतावर ठाम आहेत आणि दोन्ही पक्षांतले लोक जिंकतात! टायरवर नक्षीऐवजी बारीक बारीक रबरी काटे असतात. ओल्या, थंड जमिनीसाठी मऊ रबर आणि ऊन पडून जमीन तापली की कडक रबर. ढग सरकला, की तंबूतंबूत चाकं बदलण्याची धांदल उडते.

आणि एवढं करूनही जमीन आपली लहर दाखवतेच. आपल्या दृष्टीनं बोटभर खोल पाणी म्हणजे या गाड्यांना गुडघाभर पूर. पहिल्या फेरीत जिथून गाडी सुसाट गेली, त्याच वळणावर तिसऱ्या फेरीत चिखलाची घसरगुंडी झालेली असते. अशा वेळी वेगापेक्षा हाताचा हळुवारपणा महत्त्वाचा. कोरड्यात मागं राहणारा शांत डोक्याचा चालक पावसात पुढं येतो, तो असा.

उलटलेली गाडी कुणी उचलायची?

या खेळाचा एक नियम मला फार आवडला. आपली फेरी संपली, की ट्रान्समीटर खाली ठेवायचा आणि पुढच्या फेरीसाठी मार्शल म्हणून मैदानात उभं राहायचं. कुणाचीही गाडी उलटली, की धावत जाऊन ती सरळ करायची. पगारी माणसं नाहीत, सबब नाही. जो चुकवेल, त्याची सर्वांत चांगली फेरी अनेक क्लबांत रद्द होते.

पुतण्याची शेवटची पात्रता फेरी संपली तेव्हा तो विसावा होता, म्हणजे 'बी' फायनलची अखेरची जागा त्याच्या हातात होती. पाऊस वाढलेला, पोरगं कुडकुडत होतं. वहिनींनी गरम चॉकलेटचा कप त्याच्या हातात दिला आणि तेवढ्यात लाउडस्पीकरवरून मार्शलना बोलावणं आलं.

"बाबा, आज नाही गेलो तर?" त्यानं हळूच विचारलं.

भाऊ नियमाचं, दंडाचं काहीच बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मघाशी तुझी गाडी उलटली, ती कुणी उचलली रे?"

पोरानं कप खाली ठेवला, टोपी डोक्यावर ओढली आणि निघाला. त्याच्या वाट्याला आलं ते सगळ्यात चिखलाचं वळण. फेरीत एकविसाव्या क्रमांकाचा मुलगा होता आणि नेमकी त्याचीच गाडी याच्यासमोर चारी चाकं वर करून पडली. दोन सेकंद रेंगाळला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण तो धावला, घोटाभर चिखलात पाय रोवून गाडी सरळ केली आणि मागं झाला. फेरी संपली. तो मुलगा विसावा, हा एकविसावा!

'सी' फायनलमध्ये पुतण्या पहिल्या जागेवरून सुटला आणि तिसरा आला. परतीच्या वाटेवर त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही; गिअरमध्ये वाळू कशी शिरली, याचंच पुराण लावलं होतं. पुढं बसलेल्या भावाचा चेहरा मात्र मी आरशात पाहिला. पहिला नंबर आला असता तरी तो याहून अधिक खूश दिसला नसता.

गवत जातंय, गालिचा येतोय

आता हे चित्र बदलू लागलंय. गवतावर चाकं फिरली, की पावसात त्याचा राडा होतो. मैदान कापा, आखा, विश्रांती द्या, हे सारं हौशी माणसांनीच करायचं. म्हणून ब्रिटनमधल्या अनेक क्लबांनी गेल्या काही वर्षांत कृत्रिम हिरवळ अंथरली. पाणी निचरून जातं, पकड टिकते, बारा महिने शर्यत घेता येते. सोय मोठीच. पण जुनी माणसं हळहळतात. त्यांच्या मते दर फेरीला बदलणारी जमीन वाचायची कला आता शिकणार कोण? रेडिओच्याही बाबतीत असंच झालं. पूर्वी प्रत्येकाला वेगळी फ्रीक्वेन्सी लागे. दोघांची एक झाली, की एकाच्या हुकमावर दुसऱ्याची गाडी बेफाम. 2.4 गिगाहर्ट्झचे संच आले आणि तो घोळ संपला. त्याबद्दल मात्र कुणी हळहळत नाही!

आपल्या पावसाळ्यात

आपल्याकडेही इंजिनियरिंग कॉलेजांच्या महोत्सवांत अशा गाड्या पळतात आणि इमारतीच्या आवारात मुलं त्या फिरवतात. जून उजाडला, की गाडी कपाटात टाकायलाच हवी असं नाही. फक्त खोक्यावरची खूण वाचा. 'आयपीएक्स 4' म्हणजे शिंतोडे चालतील, 'आयपीएक्स 7' म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल. काहीच लिहिलेलं नसेल, तर गाडी कोरड्यातली समजावी. जुहू, काशीद किंवा मिरामारच्या किनाऱ्यावर मात्र समुद्राच्या पाण्यात गाडी घालू नका. मीठ तारा आणि बेअरिंगं खाऊन टाकतं. घरी आल्यावर चाकं काढा, ब्रशनं चिखल झाडा, पुसा, पंख्याखाली वाळवा आणि बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. ओली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नका. परदेशातून आणताना सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवा, विमानाच्या पोटातल्या सामानात ती चालत नाही. आणि आभाळात वीज चमकली, तर गाडी उचलून सरळ घर गाठा. पाऊस अंगावर घ्यावा, वीज नव्हे.

बाकी चिखलाचे कपडे धुण्याचं काम ज्याची गाडी त्याच्याकडेच सोपवावं. रोमसीच्या वाटेवरच्या त्या घरात तरी तोच नियम आहे!