पेटी चालू, पडदा काळा

घरात काही बिघडले की आपल्याकडे पहिला शोध सुरू होतो तो अपराध्याचा. बिघाडाचा शोध मागाहून. एके काळी रेडिओ मुका झाला की "शेवटी कोणी हात लावला होता?" हा प्रश्न येई. आता रेडिओच्या जागी संगणक आला. प्रश्न मात्र तोच आहे.

गेल्या भाऊबीजेला मी नांदेडहून एस. टी.ने लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला धाकट्या बहिणीकडे गेलो. ओवाळणीचे ताट तयार होते, पण घरातली हवा सणाची नव्हती. भाचा लग्नाच्या व्हिडिओंची काटछाट करून देण्याचे काम करतो. काम लवकर उरकावे म्हणून त्याने संगणकासाठी नवे ग्राफिक्स कार्ड घेतले, आदल्या रात्री स्वतःच्या हाताने बसविले आणि बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा तो काळाच. दोन दिवसांनी एका लग्नाचे काम द्यायचे होते आणि त्याची आगाऊ रक्कम कार्डातच गेली होती.

"चालतं होतं ते बिघडवून ठेवलंय," मेहुणे मला म्हणाले. भाचा खाली मान घालून बसला होता.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्या पेटीच्या पोटातले मला काय कळणार? पण मुलांची गणिते तपासण्यात निम्मे आयुष्य गेले आहे. उत्तर आले नाही म्हणून सगळे गणित खोडायचे नसते. कुठल्या पायरीपर्यंत ते बरोबर आहे, ते आधी पाहायचे असते. मी म्हणालो, "बाळ, एकेक पायरी मला समजावून सांग."

मॉनिटरवर क्षणभर 'सिग्नल नाही' अशा अर्थाची अक्षरे उमटत आणि विझत. म्हणजे मॉनिटर जिवंत होता. निरोपच त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. पहिली पायरी केबलची. नवे कार्ड बसविले की मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या जागेतून काढून कार्डाच्या जागेत लावावी लागते. ती त्याने लावली होती. दुसरी पायरी खाचेची. त्याने भिंतीतला प्लग काढला, पेटी उघडली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पत्र्याला हात लावला आणि कार्ड काढून पुन्हा दाबून बसविले. खाचेच्या टोकाची कडी 'टक्' वाजली. तरी पडदा काळाच.

तिसरी पायरी विजेची. या खाचेतून कार्डाला फार तर 75 वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते; आठ पिनांच्या वायरीतून आणखी 150 वॅट मिळतात.

"मामा, ती लावलीय की."

"दाखव बरं."

त्या वायरीचे टोक दोन तुकड्यांचे होते, एक सहा पिनांचा आणि एक दोन पिनांचा. सहांचा बसला होता. दोनांचा शेजारी लोंबत होता. भाच्याने दोन्ही जोडून दाबले, प्लग लावला, बटण दाबले. पडदा उजळला!

एवढ्याने भागले नसते, तरी पायऱ्या शिल्लक होत्या. नवे कार्ड काढून संगणक पूर्वीसारखा चालतो का ते पाहणे. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून जुन्या नोंदी पुसणे. एसएमपीएसची ताकद पुरते का हे तपासणे. क्रम फुकटाकडून खर्चाकडे, आणि एका वेळी एकच बदल. दोन औषधे एकदम दिली तर गुण कशाने आला, ते वैद्यालाही सांगता येत नाही.

मला काळजी होती ती कार्डाची नव्हे. कार्ड एखादे वेळी दुसरे मिळते. "तुझ्या हाताला यश नाही" हे शब्द एकदा पोराच्या मनात बसले, की तो पुन्हा कुठलीच पेटी उघडीत नाही. आणि ते बसवायला घरातली दोन माणसे आणि एक रात्र पुरते.

ओवाळणे झाले. बहिणीने करंज्यांचे ताट आणले. मेहुणे बराच वेळ त्या उघड्या पेटीकडे पाहत होते. मग चष्मा पुसून ते तिच्यापाशी वाकले आणि मुलाला म्हणाले, "त्या दोन पिना कुठं असतात, मला एकदा दाखव रे."