दोन बेटं आणि एक वायर

परवा मोहोपाड्याला चहाच्या टपरीवर वाद रंगला. विषय अणुवीज. केंद्राने २०२५ च्या बजेटमध्ये छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी जाहीर केलेत आणि २०३३ पर्यंत अशा किमान पाच भट्ट्या सुरू करायच्या म्हणतात. एक मित्र म्हणाला, "झालं! आता बेटं काय, वाड्या काय, सगळीकडे लखलखाट!"

मला घारापुरी आठवली. आपल्याच रायगडातली, उरण तालुक्यातली.

२००९ च्या सुमारास घरच्यांना घेऊन लेणी बघायला गेलो होतो. परतीच्या लाँचला वेळ होता म्हणून शेतबंदरच्या धक्क्याजवळ एका मावशींकडे सरबत घेतलं. थंड होतं, पण फ्रीजचं नाही, बर्फाच्या पेटीतलं. अंधार पडायला लागला तशा मावशी मुंबईकडे हात करून म्हणाल्या, "तिकडं बघा, रोज दिवाळी. आमच्याकडं जनरेटर बंद झाला की संपलं."

त्या बोटाच्या दिशेला तुर्भे होतं, मुंबईचं तुर्भे. आज भराव आणि वस्तीमुळे कळत नाही, पण तेही एके काळी बेटच होतं. म्हणजे एकाच खाडीतली, समोरासमोरची दोन बेटं.

तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये 'सायरस' आली, १९८५ मध्ये 'ध्रुव'. या भट्ट्या संशोधनाच्या, वीज बनवायच्या नाहीत हे खरं. कॅन्सरच्या उपचाराला लागणारे किरणोत्सारी पदार्थ तिथून येतात, त्याचं मोल मोठंच आहे. अणूपासूनची वीज १९६९ पासून तारापूरहून यायला लागली.

आणि घारापुरी? लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, पण राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर ही तिन्ही गावं संध्याकाळी काही तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरवरच राहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली, तेव्हा कायमची वीज आली. 'अप्सरा'नंतर एकसष्ट वर्षांनी!

गंमत बघा, शेवटी घारापुरीला अणुभट्टी लागली नाही. लागली ती एक वायर. त्या वायरमधून येणारी वीज बहुतेक कोळशाची, थोडी पाण्याची, थोडी अणूचीही असेल. बल्बला त्याचं काही नसतं.

हे आपल्याला नवीन आहे का? १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. तारा आपल्या डोक्यावरून गेल्या. खालच्या गावांत दिवे लागायला पुढे कित्येक दशकं गेली. आपल्या वाट्याला आलं ते टर्बाइन फिरवून सोडलेलं पाणी, पाताळगंगेत. त्यावर आपली एमआयडीसी उभी राहिली, हेही विसरायचं नाही.

मी अणुविजेच्या विरोधात नाही. देशाच्या विजेत तिचा वाटा आज जेमतेम तीन टक्के आहे, वाढला तर वाढू दे, सुरक्षेचे प्रश्न नीट विचारून. पण 'वीज कशापासून' यावर आपण तासभर भांडतो आणि 'वीज कोणापर्यंत' यावर पाच मिनिटंही बोलत नाही.

पावसाळ्यात तार तुटली की दोन-दोन दिवस अंधारात बसणारी एखादी ठाकूरवाडी किंवा कातकरीवाडी तुमच्याही गावाजवळ असेल. तिचं नाव खाली लिहा. भट्टी यायची तेव्हा येईल, आधी वायरीचं बघू.