लेकीची असाइनमेंट आणि डोंगरातली सीताफळं



माझी धाकटी लेक संभाजीनगरला हॉटेल मॅनेजमेंट शिकते, हे बऱ्याच जणींना माहीत आहे. ‘जैनाच्या मुलीनं तिथं जाऊन काय शिकायचं?’ हा प्रश्न मला मंदिरातही विचारला गेला आणि घरातही. सासूबाई तर अजूनही तिच्या कॉलेजला ‘ते अंड्याचं कॉलेज’ म्हणतात.

दशलक्षण संपल्यावर तिचा फोन आला. असाइनमेंट होती ‘ट्रॉपिकल फ्लेवर’ची तीन डेझर्ट्स. स्वतः निवडायची, करायची आणि का निवडली ते लिहायचं. नमुना म्हणून जी यादी मिळाली होती ती तिनं वाचून दाखवली. जिलेटीन घातलेलं पॅशन फ्रूटचं मूस, रममध्ये भिजवलेला अननसाचा केक, नारळाच्या दुधातला साबुदाणा. जिलेटीन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. रमचं सांगायलाच नको. साबुदाणा दिसायला साधा, पण तो होतो कंदापासून, त्यामुळे आमच्या घरी तो उपवासालाही नसतो.

“मम्मी, बाकीच्या मुली करून मोकळ्या होतील. मी एकदाच चाखून टाकू का?” तिनं विचारलं. मी लगेच हो-नाही काही म्हटलं नाही. मुलगी वीस वर्षांची आहे, नियम तिनं स्वतः घेतलेला आहे. मी एवढंच विचारलं, “चाखल्याशिवाय चांगलं करता येतं का?” ती म्हणाली, “नाही, शेफ पहिल्या दिवसापासून हेच सांगतात.” म्हणजे अर्धी यादी तिथंच गळाली. जे तिला चाखता येईल, तेच तिनं करायचं.

मग ‘ट्रॉपिकल’ या शब्दाकडे आलो. मुलींना वाटतं, ट्रॉपिकल म्हणजे कुठलं तरी बेट आणि छत्री लावलेला ग्लास. अगं, कर्कवृत्त जातं उज्जैनजवळून. आपलं पिशोर त्याच्या बरंच खाली, आख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधात! आंबा, केळी, नारळ, सीताफळ ही सगळी ट्रॉपिकलच. (सीताफळ आणि अननस मूळचे अमेरिकेकडचे, पण आता ते आपले नाहीत असं कोण म्हणेल?)

पहिलं नाव आलं आंब्याचं. वेरूळच्या ३२ नंबरच्या लेण्यात वरच्या मजल्यावर अंबिकादेवी सिंहावर बसली आहे आणि तिच्या डोक्यावर आंब्याचं झाड कोरलेलं आहे. लेक लहानपणी त्यातले आंबे मोजायची. पण भाद्रपद सरल्यावर ताजा आंबा कुठला? डबाबंद रस आमच्याकडे चालत नाही. आंबा बाद.

सीताफळ मात्र ऐन हंगामात होतं. गौताळ्याच्या डोंगराकडून बाया टोपल्या घेऊन येतात, त्यातली दोन डझन मी घेतली. मैत्रिणींनो, सीताफळाला जपून हात लावायचा. डोळ्यांच्या फटीत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असतो. तसली फळं घ्यायचीच नाहीत आणि घरी आणलेलं प्रत्येक फळ उजेडात बघायचं. आणि गर कधी शिजवायचा नाही, कडू होतो. म्हणून लेकीनं नारळाचं दूध कॉर्नफ्लोअर घालून घट्ट केलं, पूर्ण गार केलं आणि मगच गर मिसळला. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचंच, आणि मका तर आपल्या कन्नड तालुक्यात दारोदारी. आपल्याकडे अद्रकही शिवारभर असतं, तेवढंच आपल्या स्वयंपाकघरात येत नाही.

दुसरं केलं केळीचं. टार्टचं पीठ लोण्यात मळतात, लोण्याचा तर आपल्याला त्याग. तिनं नानकटाईसारखं साजूक तुपात मळलं, अंडं नाही, काही नाही. वर गुळाच्या पाकात परतलेली केळी आणि भाजलेलं सुकं खोबरं. तुपाचं पीठ फार भुसभुशीत होतं, कापताना मोडतं. दोन चमचे गार दूध घातल्यावर धरून राहिलं.

तिसऱ्यात खरी गंमत झाली. अननस. ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे कच्च्या अननसात जिलेटीन जमतच नाही. जिलेटीन वापरायचं तर अननस आधी शिजवावा लागतो. अगर-अगर म्हणजे चायना ग्रास समुद्री शेवाळाचं, त्यात प्रथिन नाही, म्हणून त्याला अननस काही करू शकत नाही. शिवाय ते फ्रीजबाहेरही जमतं आणि उन्हाळ्यात वितळत नाही. ते आधी चांगलं उकळून घ्यायचं, एवढंच पथ्य. (काही घरी चायना ग्रासही चालत नाही. तुम्ही आपल्या महाराजजींना, माताजींना विचारून घ्या. आमच्याकडे चालतं.)

प्रॅक्टिकल दुपारी होतं, म्हणून सूर्यास्ताचा प्रश्न आला नाही. नाहीतर तेही अडलं असतं.

शेफनी अननसाच्या वड्या बोटानं दाबून बघितल्या आणि विचारलं, शिजवलेल्या की कच्च्या? तिनं कारण सांगितलं, तर म्हणे वर्गातल्या सगळ्यांना बोलावून तेच पुन्हा सांगायला लावलं. टार्टचे गुण मात्र कापले, कडा एकसारख्या नव्हत्या. बरोबरच आहे.

त्यात तिला समजलं की अहमदाबादच्या सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत शाकाहारी स्वयंपाकाचा वेगळा पर्याय आहे. तिनं तसं मला सांगितलं, पण तिकडे जायचं म्हणाली नाही.

रविवारी घरी येताना सीताफळाची एक वाटी डब्यात घालून आणली होती. सासूबाईंनी आधी दोनदा विचारलं, यात अंडं नाही ना? मग चमचा घेतला. काही बोलल्या नाहीत, वाटी मात्र रिकामी केली.

पुढच्या महिन्यात फ्रेंच सॉस आहेत. बऱ्याचशांत कांदा असतो म्हणे. फोन येईलच.