वादळानंतरची वाट : श्रीवर्धन ते खर्डा

खर्डा हे बालाघाटाच्या डोंगररांगांजवळचे, जामखेड तालुक्यातील गाव. इतिहासाच्या पुस्तकांत ते ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे येते. आम्हा गावकऱ्यांच्या बोलण्यात मात्र पाण्याच्या टंचाईमुळे अधिक येते. पावसाची वाट पाहण्यात जिचे आयुष्य गेले, त्या माझ्या आईने वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी समुद्रावरून आलेले वादळ पाहिले. तिला घरी आणताना मला जो धडा मिळाला, तो घरात वृद्ध माणसे असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगी पडेल.

मार्च २०२० मध्ये आई श्रीवर्धनला ताईकडे गेली आणि टाळेबंदीमुळे तिथेच अडकली. ३ जून रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. सकाळी ताईशी बोलणे झाले होते; दुपारनंतर फोन लागेना. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी वैद्यकीय कारणाचा प्रवास परवाना घेऊन मी गाडी काढली.

माणगाव सोडून म्हसळ्याकडे वळलो, तसे वादळाचे रूप दिसू लागले. विजेचे खांब आडवे झालेले, घरांवरची कौले आणि पत्रे उडालेले, नारळ-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झालेल्या. पोफळ लावल्यापासून नीट उत्पन्न येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तेव्हा पडलेल्या प्रत्येक झाडाबरोबर एका घराची तेवढी वर्षे गेली होती.

ताईचे घर उभे होते, पण निम्मे छप्पर नव्हते. आई ओसरीवर बसली होती. मी पहिली चौकशी केली ती इन्शुलिनची. वीज नाही, म्हणजे फ्रिज बंद. आईने कोपऱ्यातले मडके दाखवले. मडक्याभोवती ओले फडके गुंडाळलेले, आत कोरड्या डबीत बाटली. “खर्ड्यात काय वीज कायम असते होय? तिथं शिकले ते इथं उपयोगी पडलं,” ती म्हणाली. तिचे हे शहाणपण वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. ताईने भाकरी केली होती. आईने नेहमीप्रमाणे इन्शुलिन घेतले आणि भाकरी मात्र अर्धीच खाल्ली. घरात धान्य भिजलेले, नातवंडांना पुरायला हवे, म्हणून उरलेली अर्धी तिने हळूच टोपलीत ठेवली. हे मला ठाऊक नव्हते.

माणगावपर्यंत ती बोलत होती. ताम्हिणी घाट लागला आणि ती गप्प झाली. धुके होते, धबधबे नुकते सुरू होत होते. लेकीचे मोडलेले घर मागे टाकून आलेली आई. तिला रडू येत असेल, एकटे राहू द्यावे, असे मला वाटले. थोड्या वेळाने मी पाणी विचारले, तर तिने त्रासून हात झटकला. आई कधी अशी वागत नाही. वळून पाहिले तर कपाळ घामाने डबडबलेले, हात थरथरत होते. गाडी कडेला घेऊन साखर तपासली : ५४. सत्तरच्या खाली गेलेली साखर ही तातडीची बाब असते. आई शुद्धीवर होती, गिळू शकत होती. पाण्यात चार चमचे साखर घालून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली : ८२. मग बिस्किटे दिली. थोड्या वेळाने तिने विचारले, “आपण कुठवर आलो रे?” तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या मुलाने आजाराला दुःख समजण्याची चूक केली. संकटानंतर आपण सारेच असे करतो. म्हातारे माणूस गप्प झाले की ‘मनाला लागले असेल’ म्हणतो. लागलेले असतेही, पण मधुमेह असेल तर आधी साखर तपासावी, मग समजूत घालावी.

पुढे मुळशी, पुणे, नगर, कडा, आष्टी असे करत, दर दीड-दोन तासांनी थांबून आईला चार पावले चालवत, रात्री जामखेड ओलांडले. खर्ड्याचा किल्ला अंधारात नुसता जाणवला. घरी पोहोचल्यावर आईने पूर्ण भाकरी खाल्ली. मी समोर बसून राहिलो.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. इन्शुलिन घेतले की जेवण टाळू नये. जेवण कमी होणार असेल तर मात्रेबद्दल आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. वीज गेल्यास इन्शुलिन कोरड्या, बंद डबीत घालून ओल्या फडक्याच्या मडक्यात ठेवावे. ते पाण्यात बुडवू नये, बर्फाला टेकवू नये. गोठलेले किंवा गुठळ्या झालेले इन्शुलिन वापरू नये. प्रवासात साखर, बिस्किटे आणि साखर तपासण्याचे यंत्र डिकीत न ठेवता हाताशी ठेवावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि घरातील आजीने भाकरी किती खाल्ली, हे तिला विचारू नये, ताटात पाहावे.